‘तुझी माणसे कोणती?’ : एका वकील मुलीचा स्वत्वाचा शोध

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्याकडे अनोळखी माणसाची गाठ पडली की नाव विचारून झाल्यावरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मूळचे कुठले?’ मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूसही या प्रश्नाला गिरगाव किंवा दादर असे उत्तर देत नाही. तो राजापूर म्हणतो, वाई म्हणतो, चाळीसगाव म्हणतो. गाव कळले की आडनाव जुळते, आडनावावरून नाती निघतात, कुलदैवत निघते आणि घटकाभरापूर्वी परकी असलेली माणसे एकमेकांच्या घरची होतात. या प्रश्नाचे आपल्याला अप्रूप वाटत नाही, कारण त्याचे उत्तर आपल्यापाशी जन्मापासून तयार असते.

ऑस्ट्रेलिया खंडाचे जे आदिम रहिवासी आहेत, ज्यांना इंग्रजीत ॲबोरिजिनल म्हटले जाते, त्यांच्यातही हीच रीत आहे. दोन अनोळखी माणसे भेटली की आधी विचारतात : तुझी माणसे कोणती? तुझी भूमी कोणती? मात्र त्या समाजातील हजारो माणसांपाशी या साध्या प्रश्नाचे उत्तर नाही. ते विस्मरणात गेलेले नाही, काळाच्या ओघात हरवलेलेही नाही. ते सरकारने कायदा करून काढून घेतले. अशाच एका कुटुंबात जन्मलेल्या आणि पुढे कायद्याचेच शिक्षण घेतलेल्या एका मुलीची कथा मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. तिचे नाव लॅरिसा बेरेंट.

नाव जर्मन, मूळ कुठले?

लॅरिसा बेरेंट यांचा जन्म १९६९ सालचा, न्यू साउथ वेल्स राज्यातील कूमा गावचा. वडील ॲबोरिजिनल, आई गौरवर्णीय. आडनाव मात्र जर्मन. युआलेयाई आणि गमिलाराय हे त्यांचे मूळ जनसमूह. त्या राज्याच्या उत्तरेकडील कोरड्या, सपाट मैदानात, वॉलगेट या गावाच्या परिसरात या जनसमूहांची भूमी आहे. लॅरिसांनी १९९२ साली सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. त्यानंतर त्या अमेरिकेत हार्वर्डला गेल्या. तेथील विधी महाविद्यालयातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या ॲबोरिजिनल ऑस्ट्रेलियन. परतल्यावर त्या सिडनीत कायद्याच्या प्राध्यापक झाल्या, पुढे कादंबरीकार आणि माहितीपटकारही.

एवढे ऐकून कुणाला वाटेल, ही तर कर्तृत्ववान मुलीच्या यशाची गोष्ट झाली. यात शोध कसला? शोध आहे तो या यशाच्या मागे उभ्या असलेल्या एका स्त्रीचा, म्हणजे लॅरिसांच्या आजीचा. लहानपणी डंगलियर नावाच्या पशुपालनाच्या मळ्यावरील आपल्या माणसांतून सरकारी अधिकाऱ्यांनी तिला उचलून नेले. ती परत आली नाही. तिच्या मुलाने, म्हणजे लॅरिसांच्या वडिलांनी, प्रौढ वयात शोध घेऊन आपल्या आईची माणसे कोण हे हुडकून काढले. नात वाढली ती या शोधाच्या छायेत.

‘संरक्षण’ नावाचा कायदा

हे सारे कसे घडू शकले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रजांच्या अकरा जहाजांच्या ताफ्यासह कॅप्टन आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण रोवले. आपण ज्या दिवशी प्रजासत्ताक दिन साजरा करतो, त्याच दिवशी तिकडे ‘ऑस्ट्रेलिया डे’ असतो, आणि तेथील आदिम समाजातील अनेक जण तो शोकदिन म्हणून पाळतात. त्या खंडावर माणसे किमान ५०,००० वर्षांपासून राहत होती. अडीचशेहून अधिक भाषा तेथे बोलल्या जात होत्या. प्रत्येक जनसमूहाची सीमा, नातेव्यवस्था, विवाहाचे नियम, पवित्र स्थाने ठरलेली होती. इंग्रजी कायद्याने मात्र ही सारी भूमी कुणाचीच नाही असे गृहीत धरले. मालकच नाही म्हटल्यावर तह कुणाशी करायचा आणि मोबदला कुणाला द्यायचा?

भूमी गेली, रोगराई आली, कत्तली झाल्या. उरलेल्यांची ‘काळजी घेण्यासाठी’ न्यू साउथ वेल्समध्ये १८८३ साली एक मंडळ स्थापन झाले. त्याचे नाव ॲबोरिजिन संरक्षण मंडळ. १९०९ साली त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्या कायद्यानुसार मूल ‘उपेक्षित’ आहे हे न्यायालयापुढे सिद्ध केल्याशिवाय ते आईबापांपासून तोडता येत नव्हते. १९१५ साली दुरुस्ती झाली आणि तेवढाही अडसर गेला. मुलाच्या नैतिक वा शारीरिक हितासाठी त्याला हलवणे योग्य आहे, असे मंडळाला वाटले म्हणजे पुरे. न्यायालय नाही, साक्ष नाही, आईबापांची संमती नाही.

पुढची व्यवस्थाही शिस्तबद्ध होती. मुलींना कूटामंड्रा येथील प्रशिक्षण गृहात ठेवायचे, स्वयंपाक-धुणीभांडी शिकवायची आणि गोऱ्या कुटुंबांत मोलकरीण म्हणून पाठवायचे. मुलांसाठी १९२४ पासून किंचेला येथे वसतिगृह होते. तेथे मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारली जाई. मातृभाषेत बोलण्यास बंदी असे. अनेकांना सांगितले जाई की तुझे आईबाप मेले, किंवा त्यांना तू नको आहेस. उद्देश लपवलेला नव्हता : मूल आपल्या माणसांत परत जाऊ नये, एक-दोन पिढ्यांत हा समाज गोऱ्या समाजात विरघळून जावा. मंडळाचे नाव पुढे बदलले. पण १९६९ पर्यंत, म्हणजे लॅरिसांच्या जन्मवर्षापर्यंत, ते टिकून होते.

अशी धोरणे देशभर होती. १९९७ साली सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्या चौकशी आयोगाने आपला अहवाल दिला. १९१० ते १९७० या काळात दर दहांपैकी एक ते दर तिघांपैकी एक इतक्या प्रमाणात आदिम समाजाची मुले घरापासून तोडली गेली, असा त्याचा निष्कर्ष आहे. या मुलांना आज तिकडे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. मिक डॉडसन हेही आदिम समाजातील वकीलच, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

नातीने लिहिलेली आजी

२००४ साली लॅरिसा बेरेंट यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘होम’, म्हणजे ‘घर’. पुढच्या वर्षी तिला आपल्या विभागातील पहिल्या पुस्तकासाठीचा राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला. कादंबरीची नायिका कँडिस ही सिडनीतील तरुण ॲबोरिजिनल वकील. वडिलांबरोबर ती मोटारीने उत्तरेकडे निघते. जायचे असते त्या ठिकाणी, जेथून १९१८ साली तिच्या आजीला उचलून नेले होते.

तेथून कथा मागे वळते. गारिबूली ही लहान मुलगी आपल्या माणसांत खेळत-बागडत असते आणि सरकारी माणसे तिला घेऊन जातात. तिला मोलकरीण केले जाते आणि तिचे नाव एलिझाबेथ ठेवले जाते. पुढे ती जर्मनीहून आलेल्या माणसाशी लग्न करते. मुले होतात. ही मुले आपण कोण आहोत हे लपवत, दडपत, कधी त्याची लाज बाळगत मोठी होतात. आई कुठली, हे त्यांना नीट ठाऊकच नसते. तिसऱ्या पिढीतल्या कँडिसपाशी पदवी आहे, शहर आहे, व्यवसाय आहे. आणि तरी आपण कुठल्या, हा प्रश्न तिची पाठ सोडत नाही.

हे आत्मचरित्र नव्हे, कादंबरी आहे. तरी लेखिकेच्या घरची हकिगत तिच्यामागे स्पष्ट दिसते. कादंबरी वाचताना मला सर्वांत बोचले ते नाव बदलणे. भूमी हिसकावणे ही चोरी आहे हे कुणालाही कळते. पण गारिबूलीची एलिझाबेथ करण्यात फारसे काही बिघडले असे नाव बदलणाऱ्याला वाटत नाही. उलट त्याला वाटते, आपण हिच्यावर उपकार केला. आता हाक मारणे सोपे झाले. वस्तुतः त्या एका क्षणी आजी आणि नात यांच्यामधला पूल कापला जातो. पुढे शोध घेणाऱ्याला कागदात एलिझाबेथ सापडते. आणि डंगलियरच्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात असते ती गारिबूली. या दोघी एकच, हे कोण सांगणार?

वकीलच का व्हायचे?

ज्या कायद्याने आजी नेली, तोच कायदा नातीने का शिकावा? उत्तर सरळ आहे. सारे तोडले गेले ते कलमांनी. तेव्हा त्या कलमांची भाषा कुणीतरी आपल्या माणसाने शिकणे भाग होते. १९७६ साली पॅट ओ’शेन या पहिल्या ॲबोरिजिनल बॅरिस्टर झाल्या. लॅरिसांची पिढी त्यानंतरची.

लॅरिसांना पदवी मिळाली त्याच वर्षी, ३ जून १९९२ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्याचा निकाल दिला. एडी कोइकी माबो हे टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे रहिवासी. आपल्या बेटाची जमीन आपल्या लोकांची आहे, हे मान्य व्हावे म्हणून ते दहा वर्षे लढले आणि निकालाच्या जेमतेम पाच महिने आधी वारले. न्यायालयाने सांगितले की ही भूमी कुणाचीच नव्हती हे गृहीतक असत्य आहे. येथील लोकांचे भूमीवरील परंपरागत अधिकार कायद्याने मानले पाहिजेत. दोनशे चार वर्षांनी एक असत्य कायद्याच्या पुस्तकातून पुसले गेले.

याच निकालात आदिम समाजाचा माणूस कोण, याची तीन अंगांची कसोटी सांगितली आहे. तो त्या वंशात जन्मलेला असावा, तो स्वतःला त्या समाजाचा मानत असावा, आणि त्या समाजाच्या ज्येष्ठांनी त्याला आपला म्हणून स्वीकारलेले असावे. या कसोटीत कातडीचा रंग नाही, रक्ताचे प्रमाण नाही. केवळ ‘मी म्हणतो म्हणून’ एवढ्यावरही ती भागत नाही. जन्म, जाणीव आणि समाजाचा स्वीकार ही तीनही सूत्रे जुळावी लागतात. तुटलेली मुले परतली तेव्हा तिसरे सूत्र किती मोलाचे ठरले असेल याची कल्पना करा. कागद देतो तो पुरावा. ‘ये, तू आमचीच’ हे मात्र जिवंत माणूसच म्हणू शकतो.

तरीही रंगाचा प्रश्न सुटला नाही. उजळ वर्णाच्या ॲबोरिजिनल व्यक्ती लाभासाठी ही ओळख निवडतात, अशा आशयाचे लेख एका स्तंभलेखकाने २००९ साली लिहिले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या नऊ जणांत लॅरिसा बेरेंट होत्या. २०११ साली न्यायालयाने वंशभेदविरोधी कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. हा प्रसंग नीट पाहा. आधी एक राज्यव्यवस्था म्हणते की या मुली गोऱ्या समाजात विरघळवू. त्यांची नात उजळ वर्णाची जन्मते. मग त्याच समाजातून आवाज येतो : तू तर गोरी दिसतेस, तुझा त्या लोकांशी संबंध काय? पेरणारेही तेच आणि उगवले म्हणून दोष देणारेही तेच.

कायद्याची सीमा

कायद्याने काही परत दिले, हे खरे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच न्यायपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, या कसोटीला उतरणारा ॲबोरिजिनल माणूस परदेशात जन्मला आणि त्याच्यापाशी नागरिकत्व नसले, तरी संविधानाच्या अर्थाने तो त्या भूमीला ‘परका’ ठरत नाही. ‘आपण कुठले’ या भावनेला न्यायासनाने दिलेली ही मान्यता असामान्य आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. माबो निकालानंतर १९९३ साली परंपरागत भूमी-हक्काचा कायदा झाला. त्यात भूमीशी असलेले नाते अखंड राहिले आहे हे दाखवावे लागते. मरे नदीच्या काठच्या योर्टा योर्टा लोकांनी दावा लावला. १९९८ साली न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण त्यांच्या मते इतिहासाच्या ओघात या लोकांची परंपरा वाहून गेली होती. हयात ज्येष्ठांच्या तोंडी साक्षीपेक्षा एकोणिसाव्या शतकातील एका गोऱ्या वसाहतकाराच्या लिखाणाला तेथे अधिक वजन मिळाले. २००२ साली सर्वोच्च न्यायपीठानेही हा निर्णय कायम ठेवला. ज्यांची भूमी घेतली, भाषा बंद केली आणि मुले नेली, त्यांनाच विचारले गेले : तुमची परंपरा अखंड का राहिली नाही?

१३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत चोरलेल्या पिढ्यांची क्षमा मागितली. लोक रडले, एकमेकांना भेटले. पुढे २०१७ साली लॅरिसा बेरेंट यांनी ‘आफ्टर द अपॉलॉजी’ हा माहितीपट काढला. क्षमायाचनेनंतर मुले घरातून हलवण्याचे प्रमाण घटले नाही, वाढले, हा त्याचा विषय. आजही तिकडे शासनाने घराबाहेर ठेवलेल्या दर दहा मुलांपैकी चारांहून अधिक मुले आदिम समाजाची आहेत. देशाच्या लोकसंख्येत मात्र हा समाज चार टक्केही नाही. आता कारण वंशाचे दिले जात नाही, मुलाच्या सुरक्षिततेचे दिले जाते. काही घरांत खरोखर संकट असते, हे कुणी नाकारत नाही. पण मूल हलवायचेच झाले तर ते आजीकडे, मावशीकडे, आपल्याच माणसांत का ठेवू नये, एवढाच त्या आयांचा आणि आज्यांचा प्रश्न आहे. २०२३ सालच्या ऑक्टोबरमध्ये आदिम समाजाला संसदेपुढे आपले मत मांडणारी घटनात्मक संस्था द्यावी का, यावर सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला.

म्हणून मला वाटते, लॅरिसांच्या वाटचालीचा खरा बोध असा आहे : कायदा एखाद्याचे स्वत्व एका सहीने तोडू शकतो, पण एका सहीने ते जोडू शकत नाही. जोडण्याचे काम मुलाने आईचा माग काढून, नातीने त्या भूमीवर जाऊन आणि तेथल्या ज्येष्ठांनी हात पुढे करूनच होते. त्याला तीन पिढ्या लागतात.

आपल्यापुरता प्रश्न

मित्रहो, ही दूरदेशीची गोष्ट आपण का ऐकायची? एक तर त्याच साम्राज्याने त्याच विचाराने आपल्याकडेही कायदा केला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू झाला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्याची साक्ष आहे. त्या बांधवांची कायद्याने मुक्तता झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. शिक्का कायद्यातून पुसला गेला, पण समाजाच्या मनातून तो गेला का, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. या सभागृहात वनवासी क्षेत्रात शाळा आणि वसतिगृहे चालवणारे कार्यकर्ते बसले आहेत. आपल्या वसतिगृहात आईबाप मुलाला स्वतः आणून सोडतात आणि सुट्टीत तो घरी जातो. हा भेद मूलभूत आहे. मी दोन्हींना एका तागडीत तोलत नाही. परंतु न्यू साउथ वेल्सच्या त्या मंडळाच्या नावातही ‘संरक्षण’ हाच शब्द होता, आणि तेथे काम करणाऱ्या पुष्कळांना आपण पुण्यकर्म करतो आहोत असेच वाटत होते. तेव्हा सद्हेतू ही पुरेशी कसोटी नव्हे. काही साधे प्रश्न आपण आपल्याला विचारावेत. आपल्या वसतिगृहात पावरी, कोरकू, कातकरी, माडिया बोली मोकळेपणाने ऐकू येते का? हजेरीपटावर लिहिताना आपण एखाद्याचे घरचे नाव ‘सुधारून’ लिहिले का? मुलगा शिकून वकील, डॉक्टर झाला, तर आजीच्या झोपडीत जाऊन तिच्याशी तिच्या भाषेत त्याला बोलता येईल का? की आपण त्याला पदवी देऊ आणि त्याचे उत्तर काढून घेऊ? शिकलेल्या मुलाला घरी परतण्याची वाट उरली नाही, तर आपल्या सेवेत काहीतरी उणे राहिले, असे समजावे.

आणि शेवटी, ज्यांची मुले-नातवंडे आज सिडनी-मेलबर्नला स्थिरावली आहेत अशा कुटुंबांसाठी दोन शब्द. आपण तिकडे स्वेच्छेने गेलो, कुणी उचलून नेले नाही; त्यांच्या दुःखाशी आपल्या घरच्या आठवणींची बरोबरी करू नये. मात्र ज्या भूमीवर आपली मुले घर बांधतात, ती भूमी मुळात कोणत्या जनसमूहाची, त्यांची भाषा कोणती, एवढे तरी त्यांनी जाणून घ्यावे. परक्या घरी गेल्यावर यजमानाचे नाव विचारणे हा आपल्या संस्काराचाच भाग आहे. आणि येथे, आपापल्या घरी, आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. त्यांचे गाव, त्यांच्या माहेरची माणसे, लग्नानंतर बदललेली त्यांची नावे वहीत लिहून ठेवा. लॅरिसांच्या वडिलांना जे उत्तर शोधून काढावे लागले, ते आपल्या घरात समोरच्या खुर्चीवर बसलेले असते. आपण ते विचारायचे तेवढे राहते.